मास्तरांचा हात

“हात!” कोच ओरडली.

चष्मेवाल्याने हात उचलला. पण आधी तो गादीवर टेकून, त्यावर अंगाचा भार टाकून, उभं राहण्याचं सगळं काम उरकून घेतलं आणि मग उचलला. साहेब आत आल्यावर टेबलावरचे पाय काढावेत तसा.

“चष्मेवाले, गार्डमधून उठताना हात खाली जात नाही. काय सांगितलं?”

“जात नाही.”

“मग गेला कसा?”

“विचारून सांगतो त्याला.”

खाली उताणा पडलेला वकील हसला. त्याच्याच पायांच्या मिठीतून हे उठणं चाललं होतं.

“तुम्ही हसू नका वकीलसाहेब. हात तुमच्या बरगडीशी येऊन बसला होता. धरला का नाहीत?”

“धरणारच होतो हो. तुम्ही ओरडलात आणि आरोपी पळाला.”

हा जिऊ-जित्सूचा सकाळचा वर्ग. या खेळात मारायचं नसतं, धरायचं असतं. धरून पिळायचं, आणि समोरच्याने हार मानून थाप दिली की मुकाट्याने सोडायचं. उताण्या माणसाने दोन्ही पायांनी वरच्याची कंबर आवळली की त्याला गार्ड म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं खालचा हरला. खरं म्हणजे वरचा अडकलेला असतो. सुटायचं तर त्याला उभं राहावं लागतं, आणि उभं राहताना हात जमिनीला लावायचा नाही. लावला की खालचा मनगट पकडतो, दुसरा हात वरच्याच्या दंडावरून घालून स्वतःचंच मनगट धरतो आणि कुलूप लागतं. मग तो हात पाठीमागे पिळायचा. याला किमुरा म्हणतात. त्यात सापडलेला माणूस फार वेळ स्वाभिमानी राहत नाही.

हे सगळं चष्मेवाल्याला तोंडपाठ होतं. सांगायचा उत्तम. करायची वेळ आली की डावा हात खाली.

या छंदाचा आणि त्याचा हिशेब मांडला तर छंदाने त्याच्याकडून दोन कान, एक करंगळी आणि सकाळची साखरझोप एवढं घेतलं होतं. कान घासून घासून असे सुजून घट्ट झाले होते की चष्म्याची काडी त्यांच्यामागे बसायलाच तयार नसे. सबंध पेठेच्या नाकावर चष्मे चढवणाऱ्या माणसाला स्वतःच्या चष्म्याच्या काड्या तापवून भलत्याच कोनात वाकवाव्या लागत. “कुठे पडलात?” गिऱ्हाईक कानांकडे बघून विचारी. “लोकांवर,” तो सांगे आणि नंबर काढायला लागे. जमेच्या बाजूला एक जांभळा पट्टा होता, धुऊन धुऊन राखाडीकडे झुकलेला. आणि मास्तर होते. म्हणजे होते तोवर होते.

मास्तर म्हणजे कोचचे वडील. धंद्याने कपडे धुण्याची मोठी यंत्रं दुरुस्त करणारे. खालच्या धुलाई केंद्राची यंत्रं त्यांनी आयुष्यभर चालती ठेवली आणि त्याच्या बदल्यात मालकाने वरची लांबट खोली वापरायला दिली. म्हणून या वर्गाची गादी नेहमी कोमट असे. कोणी तुम्हाला दाबून ठेवलं आणि कान गादीला लागला की खालची पिंपं फिरताना ऐकू येत. नव्या माणसाला वाटे, आपलंच डोकं गरगरतंय. मास्तर म्हणत, “घाबरू नकोस, दुसऱ्याचे कपडे आहेत.”

तरुणपणी जिन्यावरून यंत्र उतरवताना ते मास्तरांच्या गुडघ्यावर आलं होतं. तेव्हापासून उजवा गुडघा अर्धाच वाकायचा. त्यामुळे गार्डमधून उठताना त्यांचा डावा हात हळूच खालच्या माणसाच्या बरगडीशेजारी टेकायचा. आधी बोटं, मग तळवा, मग क्षणभर सगळा भार, आणि मास्तर उभे. हात टेकायला त्यांनी कोणालाही शिकवलं नाही. तोंडाने ते उलटंच सांगत. पण वर्ग त्यांचं तोंड ऐकत होता आणि त्यांचं अंग बघत होता, आणि हळूहळू सगळ्या वर्गाचा डावा हात खाली जायला लागला. कोणाचाच गुडघा दुखत नव्हता, तरी.

कोच या गादीवरच वाढली. पुढे काही वर्षं बाहेरच्या मोठ्या वर्गात शिकून आली. मास्तर गेल्यावर तिने वर्ग हातात घेतला आणि पहिल्याच सकाळी सगळ्यांना उठायला लावलं. एकामागून एक डावे हात गादीवर टेकले. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “हे काय आहे? प्रार्थना?” तेव्हापासून “हात!” ही तिची आरोळी. वकील सुधारला, नवीन आलेले तर बिघडलेच नव्हते. उरला चष्मेवाला. त्याला ती वयाची सूट देत होती, पण ओरडण्यात सूट नव्हती. गादीवर ती त्याला तिच्या वडिलांसारखी ‘चष्मेवाले’ म्हणे. गादी उतरली की ‘काका’.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर गादी उतरायच्या आधीच ती म्हणाली, “काका, एक काम होतं.”

गादीवर काका म्हणाली म्हणजे काम मोठं असणार हे त्याने ओळखलं.

“बांबूशी परत गाठ पडणार आहे.”

बांबू म्हणजे एक लांबच लांब पायांची मुलगी. तिचं खरं नाव वर्गात कोणी घेत नसे. गेल्या स्पर्धेत अंतिम फेरीत तिने कोचला गार्डमध्ये घेतलं, हात धरला आणि किमुरा लावला. त्याच्या आधीच्या स्पर्धेतही हेच. दोन्ही वेळा शेवटी शेवटी, त्याच कोपऱ्यात, त्याच हातावर.

“बघितलं मी चित्रीकरण,” कोच म्हणाली. “हात खाली गेलाय माझा. मी, जी सगळ्यांना ओरडते, तिचा. दमले की जातो. दम वाढवायला हवा. जिने चढतेय रोज. पण लांब पायांचं कोणीतरी खाली पाहिजे सरावाला. तुमचे पाय आहेत तसे.”

“पाय आहेत. बाकीचा बांबू कुठून आणू?”

“बाकीचं मी समजून घेईन. यंदा शेवटची आहे काका. पुढच्या वर्षी माझ्या गटात मीच आजीबाई असेन.”

चष्मेवाल्याने चष्मा काढून डाव्या बुटात ठेवला. हे त्याचं ठरलेलं. चष्म्याशिवाय त्याला समोरचा माणूस म्हणजे नुसता रंग दिसे, त्यामुळे गादीवर तो बघत नसे. हात, वजन, श्वास यांवरूनच सगळं कळे. तो उताणा झाला, पायांनी तिची कंबर आवळली. ती ताजीतवानी होती, घामाचा थेंब नव्हता. तिने त्याच्या कमरेवर हात रोवले, एक पाऊल उचललं आणि उठली.

त्याच्या बरगडीशेजारी काहीतरी टेकलं. आधी बोटं. मग तळवा. मग क्षणभर सगळा भार.

चष्मेवाला गादीवर पडून राहिला. त्याचे पाय सुटले ते तिने सोडवले म्हणून नव्हे.

“काय झालं? लागलं का?”

“नाही. परत ये.”

ती परत बसली, परत उठली. परत तोच हात, तीच जागा, अगदी बोटांनंतर तळवा येईपर्यंतचा तो जरासा विसावा तोच. छताकडे बघत पडलं, की वर मास्तरच आहेत. खालची यंत्रं फिरत होती. त्याने तिसऱ्यांदा “परत ये” म्हटलं तेव्हा कोचला वाटलं, काका मन लावून सराव देतायत.

घरी बायकोने पाठीला मलम लावता लावता विचारलं, “आज एवढे गप्प का? कोणी गळा आवळला?”

त्याने सांगितलं. बायको नर्स होती, आणि कोणतीही गोष्ट ऐकताना रोग्याचा तक्ता बघावा तसा चेहरा करायची.

“म्हणजे तिला वाटतं ती दमते म्हणून हरते.”

“हो.”

“आणि तसं नाहीये.”

“पहिल्याच उठण्यात गेला हात. दम कुठला?”

“मग सांगितलंत तिला?”

त्याने बसल्या जागी चादरीची सुरकुती नीट केली.

“का नाही सांगितलं?”

“अगं, मास्तरांचा हात आहे तो. हुबेहूब. बाकी काय राहिलंय त्यांचं? खोलीतल्या गाद्यासुद्धा बदलल्या.”

“मग काय करू या? तुमच्या दुकानात काचेच्या कपाटात ठेवू या? आत दिवा लावू, खाली पाटी. पोरगी तिकडे जिने चढून मरतेय.”

“सांगतो गं. दोन दिवस जाऊ देत.”

बायकोने मलमाची डबी बंद केली. झाकण जरा जास्तच घट्ट लावलं.

दोन दिवसांचे किती झाले ते त्याने मोजलं नाही, आणि आपणही नको मोजू या. रोज सकाळी वर्ग सुटला की तो चष्मा बुटात ठेवून उताणा व्हायचा आणि हात यायचा. तो धरायचा नाही. मास्तरांचाही त्याने कधी धरला नव्हता. कोणीच नाही. तो हात उघडा आहे हे जुन्या सगळ्यांना पहिल्या वर्षातच कळलं होतं. धरला तर मास्तर दुखऱ्या गुडघ्यावर कोसळतील हेही कळलं होतं. ठरवून नाही, न बोलता, सगळ्यांनीच तो हात न दिसल्यासारखा सोडून दिला. एकदा मास्तर उठता उठता त्याच्याकडे बघून म्हणाले होते, “चष्मेवाले, तुझ्या हाताला सगळं दिसतं. पण फार लाजरा आहे.” सगळे हसले. तोही हसला. मास्तरांच्या विनोदांवर हसायची पद्धतच होती.

मग एका सकाळी तो जरा आधी आला तर धुलाई केंद्राच्या जिन्यावर कोच बसली होती. पायऱ्या चढउतार करून करून पोटरी धरली होती, चेहरा पांढरा पडला होता, शेजारी पाण्याची बाटली आडवी. तिने त्याला बघून हसायचा प्रयत्न केला.

“पुरत नाहीये हो काका. अजून दम पुरत नाहीये.”

चष्मेवाला तिच्या एक पायरी खाली बसला. आतून साबणाची वाफ येत होती.

“दमाचा प्रश्न नाहीये, बाळ.”

“मग?”

“तो हात तू दमतेस म्हणून जात नाही. ताजी असलीस तरी जातो. तुझ्या वडिलांचा आहे तो.”

तिने आडवी बाटली उभी केली.

“बाबांचा गुडघा दुखायचा म्हणून ते टेकायचे.”

“हो.”

“माझा कुठे दुखतो?”

“आमचा तरी कुठे दुखत होता?”

 ती एकदम उठली, “वर चला” म्हणाली आणि लंगडतच चढली. बूट काढायच्या आधीच तिने त्याला आडवं केलं. उठली, हात. परत उठली, जपून, अगदी मनाशी ‘हात नाही, हात नाही’ म्हणत, आणि तरीही शेवटच्या क्षणी हात. ती आपल्याच डाव्या तळव्याकडे बघत बसली. कोणाची तरी वस्तू चुकून आपल्या पिशवीत सापडावी तशी.

“किती दिवस माहीत आहे तुम्हाला?”

“माझ्यासोबत सराव सुरू केलास त्या दिवसापासून.”

“आणि बाबांचं?”

“ते पहिल्यापासून.”

“मग धरला का नाहीत कधी?”

“धरला असता तर पडले असते ना ते.”

“कोणीच नाही? वकीलसाहेबांनीसुद्धा?”

“कोणीच नाही.”

“म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून,” ती म्हणाली, सावकाश, एकेक शब्द ठेवत, “माझ्या बापाला वाटू दिलंत की तिथे भोक नाहीये. आणि त्यांनी तेच भोक मला दिलं. लहानपणापासून, रोज सकाळी. घर नाही दिलं, दागिना नाही दिला, हे दिलं.”

 मग ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला तिने तोच हात वापरला.

“प्रेमळ लोक तुम्ही सगळे. वाट लावलीत माझी.”

“हो,” तो म्हणाला.

“मग आता घ्या.”

“काय?”

“हात. आला की घ्या. दर वेळी. सोडायचा नाही, लाजायचं नाही. बांबू लाजत नाही.”

या पोरीला कळत नव्हतं आपण काय मागतोय. किंवा नीट कळत होतं. पहिल्या वेळी त्याने हात धरला तो आजाऱ्याची नाडी बघावी तसा.

“हा किमुरा आहे का चौकशी?” कोच म्हणाली.

मग त्याने धरला. मनगट, दंडावरून हात, स्वतःचं मनगट, कुलूप. पिळला. तिने थाप दिली. परत उठली, परत हात, परत थाप. चष्मेवाल्याचे तळवे एवढी वर्षं गप्प बसले होते. आता त्यांना जागा बरोबर माहीत होती. हात गादीला लागायच्या आत ते तिथे जाऊन बसत. कोच आधी चिडली, मग शिव्या द्यायला लागली, आणि शिव्या अगदी मास्तरांच्या, ते यंत्र दुरुस्त करताना द्यायचे त्या. वकील कडेला पाणी पीत म्हणाला, “चष्मेवाले, ही जुनी थकबाकी वसूल चाललीये का?”

“गप्प बस,” चष्मेवाला म्हणाला. त्याने वकिलाला असं कधी म्हटलं नव्हतं.

दिवसागणिक फरक पडायला लागला. आधी तळवा यायचा बंद झाला, नुसती बोटं टेकायची. मग बोटंही टेकेनात, पण कोपर वळवळायचं, जागं होऊन परत झोपल्यासारखं. ती जी नवी रीत बसवत होती ती सोपी होती: दोन्ही हात खालच्याच्या कमरेवर रोवलेले ठेवायचे, पाठ ताठ ठेवायची, आणि भार पायांनीच उचलायचा. दुखरा गुडघा नसलेल्या माणसाची रीत. तिच्या अंगाला ती शोभून दिसे, हे त्याला चष्म्याशिवायही कळत होतं. तिचा श्वाससुद्धा बदलला. बोटांनंतर तळवा येईपर्यंत जो श्वास अडायचा, तो आता अडत नव्हता.

स्पर्धेचं इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. बांबूने तिला गार्डमध्ये घेतलं, सवयीने कोचच्या डाव्या बाजूला हात नेऊन वाट बघितली, आणि तिथे काही आलं नाही. कोच उभी राहिली, पाय सुटले, आणि पुढे बांबूला बाजूला सारत ती जिंकली. वकिलाने चित्रीकरण केलं त्यात बराच वेळ त्याचा स्वतःचा अंगठा आहे, पण निकाल ऐकू येतो.

पण हे नंतरचं. त्याआधी, निघायच्या आदल्या सकाळी, वर्ग सुटल्यावर दोघंच राहिले. वकील खाली चहाला गेला होता. खिडकीतून आलेलं ऊन गादीच्या निम्म्यावर येऊन थांबलं होतं.

“एकदाच,” कोच म्हणाली. “खरं धरून. तुम्ही बांबू.”

चष्मेवाल्याने चष्मा डाव्या बुटात ठेवला आणि उताणा झाला. पाय आवळले. त्याचा उजवा हात आपोआप बरगडीशेजारी जाऊन पडला, पालथा, तयार. आता ती उठेल. बोटं येतील.

ती उठली.

काही आलं नाही. बोटं नाहीत, कोपराची वळवळ नाही. तिचं वजन वर चढत गेलं आणि त्याच्यावरून निघून गेलं, एखादं दार अलगद उघडावं तसं. त्याचे पाय सुटून दोन्हीकडे पडले. त्याचा हात मात्र तिथेच होता, ठरल्या जागी. तळव्याखाली नुसती कोमट गादी, आणि तिच्याखाली यंत्रं फिरत होती.

“बरोबर?” वरून आवाज आला.

“बरोबर.”

“नक्की? काही जाणवलं का?”

“काहीच नाही,” तो म्हणाला. “अगदी काहीच नाही.”

तो थोडा वेळ तसाच पडून राहिला. तिला वाटलं काका दमले. तिने हात पुढे केला, उठवायला. त्याने मान हलवली, राहू दे म्हणून, आणि कुशीवर वळला. एक गुडघा मोडून घेतला, मग डावा हात गादीवर ठेवला. आधी बोटं, मग तळवा. क्षणभर सगळा भार त्याच्यावर दिला आणि उभा राहिला.

कोचने बघितलं. तिचं तोंड उघडलं. रोजची आरोळी जिभेवर आली होती, हे त्यालाही कळलं.

ती बोलली नाही. तिने पट्टा सोडला, परत बांधला, आणि बुटातून त्याचा चष्मा काढून, काचा आपल्या बाहीला पुसून, त्याच्या हातात दिला.